काळजाचा तुकडा

आपल्या मराठीत आई मुलाला 'काळजाचा तुकडा' म्हणते. काळीज म्हणजे मूळ अर्थाने यकृत. बोलण्याच्या ओघात पुढे हृदयालाही तेच नाव मिळाले आणि माया, धैर्य, भीती, दुःख या साऱ्यांचे घर आपण काळजातच मानू लागलो. भीतीने काळजाचे पाणी होते, दुःखाने काळीज फाटते, निर्दय माणसाला काळीजच नसते. पवित्र शास्त्रातही ही जवळीक आढळते. यरुशलेमचा विध्वंस पाहून व्याकूळ झालेला विलापगीताचा कवी आपले यकृत जमिनीवर ओतले गेले, अशा शब्दांत आपली व्यथा सांगतो. हिब्रू कवीला आणि वऱ्हाडातल्या आईला दुःखाची जागा शरीरात एकाच ठिकाणी सापडावी, ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

कधी कधी हे शब्दांचे नाते एखाद्या घरात अक्षरशः खरे होऊन उभे राहते. तरण्याताठ्या मुलाच्या काळजातच गाठ निघते. डॉक्टर शस्त्रक्रियेचा सल्ला देतात आणि घरातील सारे एकमेकांना विचारतात, 'आता काय करायचे?' या प्रश्नाच्या मागे दुसरा एक प्रश्न दबून असतो. तो मोठ्याने विचारण्याचे धैर्य सहसा कोणाला होत नाही. तो प्रश्न असा: 'कुठवर करायचे?' या लेखात आम्ही त्या दुसऱ्या प्रश्नाचा विचार करणार आहोत. ख्रिस्तसभेने त्यावर जवळजवळ पाचशे वर्षे चिंतन केले आहे. परंतु ते चिंतन आपल्या धर्मग्रामातील घरांपर्यंत फारसे पोहोचलेले नाही, आणि ज्या रात्री त्याची गरज पडते त्या रात्री ते शोधत बसायला वेळ नसतो.

प्रथम रोगाविषयी थोडे. यकृताचा कर्करोग म्हटला की आपल्याला दारू, जुनी कावीळ किंवा यकृत आकसून कठीण होत जाण्याचा दीर्घ आजार आठवतो. बहुतेक वेळा ते खरेही असते. परंतु या रोगाचा एक दुर्मीळ प्रकार असा आहे की त्याला यांपैकी कशाचेही कारण लागत नाही. त्याचे नाव फायब्रोलॅमेलर कार्सिनोमा. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असता कर्कपेशींच्या मधून तंतूंचे थर गेलेले दिसतात, म्हणून हे नाव. १९५६ साली ह्यू एडमंडसन या अमेरिकन डॉक्टरांनी एका चौदा वर्षांच्या मुलीच्या गाठीचे वर्णन प्रथम नोंदविले. यकृतातच उगम पावणाऱ्या कर्करोगांत याचे प्रमाण शंभरात एखादे. तो होतो बहुधा दहा ते पस्तीस या वयात. रोग्याला व्यसन नसते, पूर्वीचा आजार नसतो, गाठ सोडली तर बाकीचे यकृत धडधाकट असते. यकृताच्या कर्करोगात रक्तातील अल्फा-फीटोप्रोटीन हा घटक अनेकदा वाढतो. येथे तोही सहसा वाढलेला नसतो. पोटात मंद दुखणे, वजन घटणे, बरगडीखाली हाताला काहीतरी लागणे, एवढ्यावरच पुष्कळ दिवस निघून जातात.

'याने असे काय पाप केले होते?' हा प्रश्न अशा वेळी घराच्या उंबरठ्यावर येतोच. त्याला प्रभू येशूने जन्मांध माणसाच्या प्रसंगी उत्तर देऊन ठेवले आहे: त्यानेही पाप केले नव्हते, त्याच्या आईबापांनीही नाही. पोप तेविसावे जॉन यांच्यासारखा प्रेमळ, आनंदी वृत्तीचा पुण्यपुरुष १९६३ साली पोटाच्या कर्करोगाने गेला. तेव्हा रोगाला शिक्षा समजण्याची चूक आपण करू नये. आपला प्रश्न त्याच्या पुढचा आहे.

या रोगावर नवनव्या औषधांचे प्रयत्न चालू आहेत; तरी पूर्ण बरे होण्याची खरी आशा आजही शस्त्रक्रियेवरच आहे. येथे यकृताचा एक विलक्षण गुण उपयोगी पडतो. निरोगी यकृताचा सुमारे ७० टक्के भाग काढून टाकला तरी उरलेला भाग शरीराचे काम सांभाळू शकतो आणि काही महिन्यांत वाढून पुष्कळसा पूर्वीइतका होतो. पोटातल्या दुसऱ्या कोणत्याही मोठ्या अवयवाला देवाने हे दान दिलेले नाही. मात्र यकृत म्हणजे रक्ताने भरलेला स्पंज. त्याला सुरी लावणे शतकानुशतके अशक्य मानले जात होते. जर्मनीत कार्ल लांगेनबुख यांनी १८८८ च्या सुमारास यकृताचा एक भाग कापून काढला, तेव्हा रक्तस्राव थांबविण्यासाठी रोग्याचे पोट पुन्हा उघडावे लागले, रोगी वाचला. १९०८ साली ग्लासगोच्या जेम्स प्रिंगल यांनी यकृताकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्या थोडा वेळ दाबून धरण्याची युक्ती सांगितली. पुढे १९५० नंतरच्या दशकात फ्रान्सचे क्लोद क्विनो यांनी यकृताचे आठ स्वतंत्र खंड दाखवून दिले. प्रत्येक खंडाला स्वतःची रक्तवाहिनी व स्वतःची पित्तनलिका असते हे कळल्यावर कुठे कापावे आणि कुठे कापू नये याचा नकाशाच शल्यविशारदांच्या हाती आला. आज अनुभवी हातांत ही शस्त्रक्रिया मोठी, पण आवाक्यातली झाली आहे. गाठीसह यकृताचा तो भाग आणि जवळच्या लसीका ग्रंथी काढतात.

तरीही या रोगाची एक वाईट खोड आहे. तो परत येतो. गाठ पूर्ण निघाली तरी निम्म्याहून अधिक रोग्यांत पुढे केव्हातरी तो यकृतात, ग्रंथींत किंवा फुप्फुसांत पुन्हा दिसतो. तो परत आला तर पुन्हा शस्त्रक्रिया करता येते, आणि अशा दुसऱ्या-तिसऱ्या शस्त्रक्रियेनंतर वर्षानुवर्षे जगलेले रोगीही आहेत. म्हणूनच 'कुठवर?' हा प्रश्न या रोगात एकदा येत नाही. तो पुनःपुन्हा दार ठोठावतो.

आता आपण एका कुटुंबाची कल्पना करू. हे कुटुंब कल्पित आहे. पण वाचकांना त्याची ओळख पटावयास अडचण पडू नये. अकोल्याजवळ राहणारे, पाच एकर कोरडवाहू शेती, त्यात कपाशी आणि तूर. आई गावच्या अंगणवाडीत. थोरली मुलगी लग्न होऊन गेलेली, धाकटा मुलगा बावीस वर्षांचा, अमरावतीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. त्याच्या पोटातली गाठ तपासणीत निघते आणि त्याला मुंबईला नेण्यास सांगितले जाते. संध्याकाळी अमरावतीहून सुटणारी मुंबईची गाडी रात्री अकोल्याला येते. फलाटावर फादर निरोप द्यायला आलेले असतात. गाडीत मुलगा बापाला विचारतो, "बाबा, मले काय झालं, थे खरं सांगा." बाप खिडकीबाहेर पाहतो. "काई नाई रे बाप्पा. गाठ हाय, काढली का मोकळा." सकाळ होईपर्यंत दोघांपैकी कोणीही झोपत नाही, आणि दोघेही झोपल्याचे सोंग करतात.

या कुटुंबापुढे तीन प्रसंग येतील, असे समजू. पहिला, पहिल्या शस्त्रक्रियेचा. दुसरा, दोन वर्षांनी रोग यकृतात परत आल्यावर. तिसरा, रोग फुप्फुसांत आणि पोटाच्या आवरणावर पसरल्यावर, जेव्हा कोणीतरी सांगतो की अजूनही 'प्रयत्न' करून पाहता येईल. तिन्ही वेळी प्रश्न तोच. पण उत्तर तेच असेल का?

कॅथलिक नीतिशास्त्राची परंपरा येथे आपल्याला मोठी मदत करते. सोळाव्या शतकात स्पेनमधील सालामांका विद्यापीठात फ्रान्सिस्को दे व्हितोरिया हे डॉमिनिकन धर्मगुरू शिकवीत असत. जीवन हे देवाचे दान आहे, ते राखणे हे आपले कर्तव्य आहे, हे तर ठरलेलेच. पण किती राखायचे? व्हितोरिया यांनी हा प्रश्न अन्नाच्या साध्या उदाहरणाने सोडविला. वैद्याने सांगितले की कोंबडी आणि तित्तिराचे मांस खाल्लेस तर तू आणखी वीस वर्षे जगशील, तरीही मनुष्य ते खाण्यास बांधलेला नाही. चारचौघांचे साधे अन्न त्याने खावे, एवढे पुरे. त्या परंपरेतील आचार्यांनी पुढे हाच विचार औषधोपचारास लावला. अधिक आरोग्यदायी हवेसाठी आपला मुलूख सोडून दूर जाण्याची, सारी मिळकत खर्चून टाकण्याची, असह्य वेदना सोसण्याची सक्ती कोणावर नाही. अशा उपायांना ते 'असामान्य उपाय' म्हणत. ते करणे पुण्याचे असू शकते. न करणे हे पाप नव्हे.

त्या काळी असामान्य उपायाचे ठरलेले उदाहरण म्हणजे पाय कापणे. भूल नव्हती, माणसाला बांधून ठेवून करवत चालवीत. १८४६ साली बोस्टनमध्ये ईथरची भूल देऊन शस्त्रक्रिया झाली आणि चित्र पालटले. काल जो उपाय असामान्य होता तो हळूहळू सामान्य झाला. यातून एक महत्त्वाची गोष्ट उमगते. 'सामान्य' आणि 'असामान्य' ही यंत्रांची किंवा शस्त्रक्रियांची यादी नव्हे. हा विशिष्ट उपाय आणि हा विशिष्ट माणूस यांच्यातील नात्याचा तो विचार आहे. उपायातून काय मिळेल आणि त्याचा भार किती पडेल, हे दोन्ही त्या माणसाच्या संदर्भात तोलायचे असते.

२४ नोव्हेंबर १९५७ रोजी पोप बारावे पायस यांनी भूलतज्ज्ञांसमोर केलेल्या भाषणात ही शिकवण आधुनिक वैद्यकास लावून दाखविली. व्यक्ती, स्थळ, काळ आणि संस्कृती पाहून जे उपाय सामान्य ठरतात, ज्यांनी स्वतःवर किंवा दुसऱ्यावर फार मोठा भार पडत नाही, तेवढ्यांचेच बंधन माणसावर असते, असे त्यांनी सांगितले. त्याच भाषणात त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, तिच्याकडे आपले लक्ष कमी जाते. डॉक्टरचा अधिकार रोग्याच्या अधिकारातून येतो. रोग्याने संमती दिली तरच डॉक्टरला काही करता येते. कुटुंबाचा अधिकारही रोग्याच्या इच्छेवरच अवलंबून असतो. १९८० साली व्हॅटिकनच्या धर्मसिद्धांत विभागाने जे निवेदन प्रसिद्ध केले त्यात भार आणि लाभ यांच्या प्रमाणाचा विचार अधिक स्पष्ट केला आहे. अतिरेकी उपाय नाकारणे म्हणजे आत्महत्या नव्हे. त्यामागे आपल्या मर्यादेचा स्वीकार असू शकतो, तसेच कुटुंबावर वा समाजावर फार मोठा खर्च लादू नये ही इच्छाही असू शकते, असे ते निवेदन मान्य करते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९५ च्या 'इव्हांजेलियुम व्हीते' या पत्रात हीच शिकवण पुन्हा मांडली.

आता आपल्या तीन प्रसंगांकडे वळू. पहिल्या प्रसंगी मुलगा तरुण आहे, गाठ काढण्याजोगी आहे, उरणारे यकृत निरोगी आहे आणि पूर्ण बरे होण्याची आशा खरीखुरी आहे. शस्त्रक्रिया मोठी आहे हे खरे. पण नीतीच्या दृष्टीने ती 'सामान्य' उपायाच्या फार जवळ येते. ती करवून घेणे हे आम्हांला कर्तव्य वाटते. निव्वळ भीतीने, किंवा 'जे नशिबात असेल ते होईल' असे म्हणून ती टाळणे योग्य नव्हे. वैद्याचा मान राख, कारण त्यालाही देवानेच निर्माण केले आहे, असा उपदेश बेनसिराच्या ग्रंथात आहे. नशिबाच्या स्वाधीन होणे आणि देवाच्या स्वाधीन होणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. देवाच्या स्वाधीन होणारा माणूस डॉक्टरकडेही जातो.

तिसऱ्या प्रसंगाचे उत्तरही तितकेच स्पष्ट आहे, जरी ते उच्चारणे कठीण असले तरी. रोग सर्वत्र पसरला आहे, शस्त्रक्रियेने तो निघणार नाही, वेदना आणि दुर्बलता मात्र वाढेल. येथे थांबणे म्हणजे मारणे नव्हे. मरण रोगाने येत असते. आपण फक्त व्यर्थ छळ थांबवितो.

खरी कसोटी दुसऱ्या प्रसंगाची. रोग परत आला आहे, पण तो काढता येईल. आशा पूर्वीपेक्षा कमी आहे, तरी ती आशाच आहे. पहिल्या शस्त्रक्रियेच्या वेदना शरीराला आठवत आहेत. येथे 'करावे' हेही उत्तर योग्य असू शकते आणि 'नको' हेही. मग ठरवायचे कोणी? आमचे या लेखातील म्हणणे एवढेच आहे: हे ठरविण्याचा पहिला अधिकार आजारी माणसाच्या सदसद्विवेकबुद्धीचा आहे. आणि आपण, त्याचे जिवलग, हा अधिकार त्याच्याकडून नकळत काढून घेतो. तोही दोन मार्गांनी.

पहिला मार्ग म्हणजे प्रेमाचे माप पैशांत करणे. वऱ्हाडात हे चित्र अनोळखी नाही. 'पोरासाठी वावर विकलं,' असे सांगताना बापाच्या आवाजात दुःख असते, आणि आपण कमी पडलो नाही याचे समाधानही असते. त्या समाधानाला आम्ही नावे ठेवीत नाही. पण शेजारी-पाजारी, नातेवाईक, कधी आपण धर्मग्रामातील माणसेसुद्धा, न बोलता अशी अपेक्षा ठेवतो की ज्याने सारे विकले त्याचेच प्रेम खरे. मग दुसरी शस्त्रक्रिया मुलाला हवी आहे का, हा प्रश्नच उरत नाही. ती न केली तर लोक काय म्हणतील, हा प्रश्न उरतो. आपल्याच उपचारासाठी वडिलांचे शेत आणि बहिणीचे दागिने जात आहेत हे पाहणाऱ्या मुलावर जो भार पडतो, त्याचाही हिशेब धरावयास हवा. तोदेखील उपायाच्या भाराचाच एक भाग आहे.

आपल्या कल्पित कुटुंबातील बाप तिसऱ्या प्रसंगी म्हणतो, "माह्यं काळीज कापून त्याले लावा." हे आता अशक्य कोटीतले बोलणे राहिलेले नाही. १९९८ साली दिल्लीत एका पित्याच्या यकृताचा भाग त्याच्या चिमुकल्या मुलास बसविला गेला; भारतातील यशस्वी यकृत-प्रत्यारोपणाची ती सुरुवात. त्याच्या चार वर्षे आधी, १९९४ साली, मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा झाला होता. आपला अवयव योग्य रीतीने दान करणे ही दैनंदिन जीवनातील वीरता होय, असे दुसऱ्या जॉन पॉल यांनी उपरोक्त पत्रात म्हटले आहे. पण रोग यकृताबाहेर पसरल्यावर नवे यकृत बसवून उपयोग होत नाही, हे डॉक्टरांना त्या बापाला समजावून सांगावे लागते. काळीज द्यायला तो तयार आहे. त्याच्या प्रेमात कोठेही उणे नाही. तरीही ते प्रेम रोग हटवू शकत नाही. यावरून हे दिसते की उपचार करणे वा थांबविणे हे प्रेमाचे माप होऊच शकत नाही. जो बाप थांबतो त्याचे प्रेम थांबलेले नसते.

दुसरा मार्ग म्हणजे सत्य लपविणे. गाडीतल्या त्या रात्रीकडे आपण पुन्हा वळू. बाप खोटे बोलला ते मायेपोटी. पण आपला रोग कोणता, तो परत का आला, पुढे काय संभवते, हे ज्याला ठाऊक नाही त्याने संमती द्यायची ती कशाला? पायस पोपमहाशयांनी सांगितलेला रोग्याचा अधिकार त्याच्या हातातून गेलेला असतो. कागदावर सही त्याची असते, निर्णय दुसऱ्यांचा. 'खरे कळले तर तो खचेल,' असे आपण म्हणतो. हा आक्षेप पोकळ नाही. काही माणसे खरेच खचतात. पण बावीस वर्षांचा मुलगा मूर्ख नसतो. डॉक्टरांची कुजबुज, आईचे सुजलेले डोळे, घरात अचानक वाढलेली गोडी यांतून त्याला सारे कळत असते. आपण लपवितो तेव्हा त्याचे भय कमी होत नाही. त्या भयात तो एकटा पडतो. आपण त्याला वाचवतो आहोत असे समजतो आणि तो आपल्याला वाचवायला झोपेचे सोंग घेतो.

सत्य सांगण्याचीही रीत असते. ते एकाच दमात अंगावर टाकायचे नसते. तो जेवढे विचारील तेवढे सांगावे, विचारील तेव्हा सांगावे, आणि सांगितल्यावर उठून जाऊ नये. सांगणाऱ्याने शेजारी बसून राहावे, हे सांगण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

आजारी माणसाच्या हाती त्याचे सत्य दिले तर काय घडू शकते, याचे एक उदाहरण याच रोगाच्या इतिहासात आहे. अमेरिकेत एलाना सायमन नावाच्या मुलीला बाराव्या वर्षी हा कर्करोग झाल्याचे निदान झाले. शस्त्रक्रियेने ती वाचली. पुढे शाळकरी वयातच तिने या रोगाचे कारण शोधण्याच्या कामात भाग घेतला. तिचे वडील शास्त्रज्ञ होते, तिचे शल्यविशारदही सोबत होते. दुर्मीळ रोगाच्या गाठींचे नमुने मिळविणे हेच मोठे अवघड काम. १५ रोग्यांच्या गाठी तपासल्या, तेव्हा प्रत्येकीत दोन जनुके तुटून एकमेकांस जोडली गेल्याचा तोच दोष आढळला. २०१४ साली 'सायन्स' या नियतकालिकात हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि लेखकांत तिचेही नाव होते. प्रत्येक रोगी संशोधक होणार नाही, होण्याची गरजही नाही. पण रोगी म्हणजे केवळ ज्याच्यावर उपचार होतात ती वस्तू नव्हे. तो आपल्या आजाराला उत्तर देणारी व्यक्ती आहे, एवढे या घटनेवरून शिकावे.

येथे एक वाचक आम्हांला अडवील. 'विवेकबुद्धी वगैरे ठीक. पण गरिबाला निवड असते कोठे? पैसे नाहीत म्हणून तो नाही म्हणतो, आणि तुम्ही त्याला मोठे नाव देता.' हा आक्षेप खरा आहे, आणि त्याला उत्तर शब्दांनी देता येणार नाही. जो नकार केवळ खिशाने दिला तो विवेकबुद्धीचा नकार नव्हे. आजारी माणसाने स्वतंत्रपणे ठरवावे असे ज्यांना वाटते, त्यांनी त्याचे स्वातंत्र्य उभे करण्यास हातभार लावला पाहिजे. २०१२ साली राज्य शासनाने जी आरोग्य विमा योजना पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू केली, त्यांत अमरावती होता. आज ती महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना म्हणून ओळखली जाते आणि कर्करोगाचे अनेक उपचार तीत येतात. तरी योजनेचे कागद कोणी भरायचे? सुमारे सहाशे किलोमीटर दूर मुंबईत महिना-दीड महिना राहायचे कोठे? मागे राहिलेल्या शेतात कपाशी वेचायची कोणी?

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच मातीतल्या एका माणसाच्या नावाने उभे आहे. अमरावती जिल्ह्यातील शेणगावी जन्मलेले, हातात खराटा घेऊन गावे झाडणारे गाडगेबाबा १९५६ साली डिसेंबरमध्ये अमरावतीजवळ वारले. मंदिरे नव्हे तर धर्मशाळा बांधण्यावर त्यांचा भर होता. त्यांच्या नावाची मुंबईतील दादरची धर्मशाळा आज टाटा रुग्णालयात येणाऱ्या कर्करोग्यांना आणि त्यांच्या नातलगांना आसरा देते. चांगल्या शोमरोन्याने जखमी माणसाला केवळ मलमपट्टी केली नाही. त्याला उतारशाळेत नेले, रात्रभर त्याची काळजी घेतली आणि दुसऱ्या दिवशीचे पैसे आगाऊ दिले. दाखल्यातील उतारशाळेचा अर्थ गाडगेबाबांना आपल्यापेक्षा लवकर कळला होता, असे म्हणण्यास हरकत नाही. आपल्या धर्मग्रामांनी निदान एवढे करावे: रोग्याबरोबर एक जाणता माणूस पाठवावा, मागे राहिलेल्या घराचा सांभाळ करावा, आणि त्या कुटुंबाने काय ठरविले यावर मत देण्याचे टाळावे. यांपैकी तिसरी गोष्ट बिनखर्चाची आहे आणि तीच सर्वांत जड जाते.

थांबायचे ठरले म्हणजे सोडून दिले, असे मात्र कधीही होऊ नये. उपचार थांबला तरी सेवा थांबत नाही. वेदना कमी करणे हा रोग्याचा हक्क आहे. वेदनाशामकांनी कदाचित आयुष्य थोडे कमी होईल अशी शक्यता असली, तरी मारण्याचा हेतू नसताना ती देण्यास हरकत नाही, हे पायस पोपमहाशयांनी १९५७ च्या फेब्रुवारीतच सांगून ठेवले आहे. 'सोस रे बाबा, ख्रिस्तानेही सोसले' असे म्हणून औषधाची बाटली दूर ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. दुःख अर्पण करायचे असेल तर ते त्याचे त्याने करावे. दुसऱ्याचे दुःख आपण अर्पण करू शकत नाही. आजाऱ्यांच्या तैलाभ्यंगाचा संस्कारही शेवटच्या घटकेची वाट न पाहता, शक्य तर शस्त्रक्रियेच्या आधीच घ्यावा. फादर दारात आले की मरण आले, ही समजूत आपल्या घरांतून आता जायला हवी.

शेवटी आम्हांला गेथशेमानी बाग आठवते. तेथे प्रभूला पुढचे सारे माहीत होते. कोणी त्याच्यापासून काही लपविले नव्हते. हा प्याला दूर व्हावा अशी त्याने प्रार्थना केली. म्हणजे बरे व्हावे, वाचावे, असे वाटणे ही श्रद्धेतील उणीव नव्हे. मग त्याने तो प्याला स्वतः स्वीकारला. कोणी त्याच्या हाती बळेच दिला नाही. या दोहोंच्या मध्ये त्याने आपल्या मित्रांजवळ एकच गोष्ट मागितली: घटकाभर माझ्याबरोबर जागे राहा. त्यांनी त्याच्यासाठी निर्णय घ्यावा असे त्याने मागितले नाही, त्याला धीराचे खोटे बोल ऐकवावेत असेही नाही. आणि ते झोपी गेले.

आपल्या कथेतील तो मुलगा दुसऱ्या वेळी काय ठरवितो ते आम्ही सांगणार नाही; ते त्याचे त्याने ठरवावयाचे आहे. एवढेच मागू की मुंबईला जाणाऱ्या त्या दुसऱ्या गाडीत, भुसावळ मागे पडल्यावर, त्याने पुन्हा विचारले, "बाबा, खरं सांगा," तर बापाने खिडकीकडे तोंड फिरवू नये. मुलाचा हात हातात घ्यावा, जेवढे ठाऊक आहे तेवढे सांगावे, आणि मग दोघांनी पहाटेपर्यंत जागे राहावे. काळजाच्या तुकड्याला काळजाशी धरणे म्हणजे काय, याचे उत्तर त्या जागरणात आहे.